फोल्डर दिसते, पण घरात येत नाही

या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत हल्ली मोबाइल कमी आणि 'ड्राइव्ह' जास्त असतो. भाईजानने दुबईहून लिंक पाठवली, फोल्डर उघडते, पण संगणकावर उतरत नाही. निकाहचे फोटो ४०० होते, उतरवल्यावर १६० निघाले. डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे एका रात्रीत नाहीसे झाले. पत्रे वेगवेगळ्या गावांची, दुखणे साधारण एकच. आणि ज्या फोल्डरांबद्दल ही पत्रे येतात त्यांत सिनेमे आणि गाणी नसतात. मरहूम वडिलांच्या जमिनीचे फेरफार, घराचे खरेदीखत, निकाहनामा, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, दादीचा एकुलता एक फोटो असा तो ऐवज असतो. म्हणून हा महिना आम्ही पूर्णपणे याच विषयाला देत आहोत.

क्लाउड या शब्दाने पुष्कळ घरांत अशी समजूत झाली आहे की एकदा 'वर टाकले' म्हणजे निश्चिंत. वर काही नसते. गूगल ड्राइव्ह असो, मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह असो की अ‍ॅपलचा आयक्लाउड, तुमची फाइल त्या कंपनीच्या कुठल्यातरी इमारतीतल्या संगणकावर असते आणि तुमच्या पडद्यावर दिसते ती तिची खिडकी. समोरच्या घरातले कपाट खिडकीतून स्वच्छ दिसले म्हणून त्यातले कागद आपल्या घरात आले असे होत नाही. फाइल दिसणे ही एक गोष्ट. तिचा आपल्या संगणकाशी दुवा जोडलेला असणे ही दुसरी. तिची स्वतंत्र प्रत आपल्या हातात असणे ही तिसरी. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या तिघांची गल्लत झाल्यामुळे येतात.

सोपे दुखणे आधी काढू. लिंक उघडली की 'यू नीड अ‍ॅक्सेस' असे येते आणि वाटते की भावाने परवानगीच काढून घेतली. तसे क्वचितच असते. घरातल्या एका संगणकावर अब्बांचे, मुलीचे आणि दुकानाचे अशी तीन जीमेल खाती एकाच वेळी उघडी असतात. भावाने परवानगी दिलेली असते अब्बांच्या पत्त्याला आणि ब्राउझर लिंक उघडतो दुकानाच्या खात्यातून. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून आपण कोणत्या नावाने आत आहोत ते पाहावे आणि योग्य खाते निवडावे. तरी गोंधळ मिटत नसेल तर दुसरा ब्राउझर उघडावा, म्हणजे रोज क्रोम वापरत असाल तर एज किंवा फायरफॉक्स, आणि त्यात फक्त तेच एक खाते सुरू करून लिंक पुन्हा टाकावी. डाउनलोड दाबले तरी काहीच घडत नसेल, तेव्हाही हाच उपाय पुष्कळदा लागू पडतो.

फाइल दिसते पण डाउनलोडचे चिन्हच दिसत नाही, असेही होते. मालकाने पाहणाऱ्यांना फाइल उतरवण्याची मुभा बंद ठेवलेली असते. इथे तुमच्या संगणकात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. विंडोज नव्याने टाकून घेऊ नका, मालकाला फोन करा.

लग्नाच्या व्हिडिओबाबत आणखी एक संदेश येतो, डाउनलोडचा कोटा संपल्याचा. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याची लिंक खानदानाच्या चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, सगळे एकदम उतरवू लागतात आणि गूगल ती फाइल काही काळ अडवून धरते. साधारण २४ तासांनी पुन्हा प्रयत्न करावा. मात्र ज्या लिंकवर इतकी गर्दी झाली ती 'एनीवन विथ द लिंक' प्रकारची आहे, हेही त्यावरून कळते. म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल त्याला घरातल्या बायका-मुलींचे सगळे फोटो उघडे आहेत. फोटोवाल्याला सांगून ती 'रिस्ट्रिक्टेड' करून घ्यावी आणि घरातल्या दोन-चार पत्त्यांनाच परवानगी द्यावी. पैसे आपण दिले आहेत, हे सांगताना संकोच कशाला?

आता ४०० फोटोंचे १६० कसे होतात ते पाहू, कारण सगळ्यात जास्त रडारड याचीच असते.

गूगल ड्राइव्हवरचे फोल्डर उतरवायला सांगितले की ते जसेच्या तसे येत नाही. आधी गूगलकडे त्याचे गाठोडे बांधले जाते, त्याला झिप म्हणतात. खाली उजव्या कोपऱ्यात 'झिपिंग' असे दिसत असते, तोवर ते पान बंद करायचे नाही. फोल्डर मोठे असेल तर गाठोडी अनेक होतात, प्रत्येक साधारण २ जीबीपर्यंतचे, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी ००१, ००२, ००३ असे आकडे असतात. पहिले गाठोडे उतरू लागले की ब्राउझर एक छोटी चौकट काढून विचारतो की ही साइट एकापेक्षा जास्त फायली उतरवू पाहते आहे, चालेल का. घाईत आपण 'ब्लॉक' दाबतो किंवा चौकट पाहतच नाही. पहिले गाठोडे येते, बाकीची येत नाहीत, आणि संगणक त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढत नाही. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असते त्यावर क्लिक करून 'साइट सेटिंग्ज' उघडावे, तिथे 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' समोर 'अलाउ' करावे आणि फोल्डर पुन्हा मागवावे. एखादा मोठा व्हिडिओ गाठोड्यात न जाता सुटाच उतरतो, तोही डाउनलोडच्या यादीत शोधावा.

गाठोडी सगळी आली तरी काम अर्धेच झाले. गूगल फोटो वाटताना मेहंदीचे एका गाठोड्यात आणि वलीम्याचे दुसऱ्यात असा विचार करत नाही. मेहंदीचे काही ००१ मध्ये असतात आणि उरलेले ००३ मध्ये. विंडोजमध्ये 'एक्सट्रॅक्ट ऑल' दाबले की प्रत्येक गाठोड्याचे वेगळे फोल्डर तयार होते. आपण पहिल्यातली 'मेहंदी' उघडतो, फोटो कमी दिसतात आणि भावाला फोन जातो की तूच अर्धे टाकलेस. तसे न करता डी ड्राइव्हवर आधी एक रिकामे फोल्डर करावे, नाव साधे ठेवावे, आणि प्रत्येक गाठोडे सोडताना 'एक्सट्रॅक्ट' कुठे करायचे या जागी तेच फोल्डर द्यावे. एका नावाची फोल्डर विंडोज आपोआप एकत्र करते. गाठोडे न सोडता त्याच्या आतच फाइल उघडून बघण्याची सवय पुष्कळांना आहे. बघण्यापुरते ते ठीक, पण तिथेच अर्ज भरून 'सेव्ह' केला तर तो नंतर सापडत नाही.

मग मोजावे. ड्राइव्हवर फोल्डर उघडून आधी अगदी तळापर्यंत खाली जावे, कारण यादी थोडी थोडी उलगडत जाते, आणि मग कंट्रोल आणि ए एकदम दाबावे. वर किती निवडल्या तो आकडा येतो. इकडे संगणकावर त्याच फोल्डरवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहावे. आकडे जुळले की झिप पुसाव्यात, आधी नाही. हे काम कंटाळवाणे आहे. लग्नाच्या जेवणाची ताटे मोजायला आपण माणूस बसवतो, इथेही बसावे.

आमचे मत विचाराल तर मोठे फोल्डर एका दमात ओढूच नये. आतले एकेक पोटफोल्डर उतरवावे. आपल्याकडे नेट मध्येच जाते, लॅपटॉप झाकण मिटल्याबरोबर झोपतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा संपतो. क्रोममध्ये अर्धवट राहिलेल्या फाइलच्या नावामागे 'सीआरडाउनलोड' असे शेपूट लागते. ती फाइल उघडणार नाही, तिचे नाव बदलूनही उपयोग नाही. कंट्रोल आणि जे दाबून डाउनलोडची यादी उघडावी आणि 'रिझ्यूम' दिसत असेल तर ते दाबावे, नसेल तर तेवढेच पोटफोल्डर पुन्हा मागवावे.

नावांचा घोळ हा खास आपल्याकडचा. ड्राइव्हवर भावाने फोल्डरला प्रेमाने नाव दिलेले असते: 'अब्बांच्या जमिनीचे सर्व कागद ७/१२ ८अ फेरफार व खरेदीखत'. त्याच्या आत गावाच्या नावाचे फोल्डर, त्याच्या आत गट नंबराचे, त्याच्या आत आणखी लांब नावाची फाइल. विंडोज साधारणपणे सी ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांत बसवायला बघते. त्यापुढे गेले की 'पाथ टू लाँग' असे सांगून गाठोडे सोडण्याचे काम अडते. आणि मराठीत काना-मात्रा-वेलांटी यांचीही स्वतंत्र मोजणी होते. 'निकाहनामा' आपल्याला पाच अक्षरांचे वाटते, संगणक ते नऊ मोजतो. म्हणजे मराठी नावे आपल्याला वाटते त्याच्या जवळपास दुप्पट जागा खातात. उपाय दोन. झिप 'डाउनलोड्स'मध्ये न सोडता थेट डी ड्राइव्हच्या तोंडाशी 'क' किंवा '१' अशा एकअक्षरी फोल्डरमध्ये सोडावी, म्हणजे पत्त्याची सुरुवात छोटी होते. तेवढ्याने भागले नाही तर सेव्हन-झिप नावाचा मोफत प्रोग्राम वापरावा, लांब पत्ते तो विंडोजच्या स्वतःच्या सोयीपेक्षा बरे सांभाळतो.

आणि तो सात-बारा! गूगल ड्राइव्हवर नावात तिरकी रेघ चालते, विंडोजमध्ये चालत नाही. तिथे तिरकी रेघ म्हणजे एका फोल्डरातून दुसऱ्यात जाण्याची खूण. त्यामुळे उतरताना '७/१२' मधली रेघ बदलली जाते, बहुधा तिच्या जागी खालची आडवी रेघ येते. मग तलाठी कार्यालयात उभे राहून '७/१२' असे शोधले की संगणक म्हणतो, काही नाही. फाइल तिथेच असते. तारखांचेही असेच, १२/५/२०१९ ला तिरकी रेघ नको, १२-५-२०१९ चालते. प्रश्नचिन्ह, तारका, दोन टिंबे आणि अवतरणचिन्ह ही विंडोजमध्ये फाइलच्या नावात वर्ज्य आहेत, आणि वनड्राइव्हलाही ती चालत नाहीत. घरच्या कागदांना 'सातबारा गट क्रमांक अमुक' असे सरळ अक्षरी नाव द्यावे.

पेनड्राइव्हची तक्रार एका वाक्यात: पेनड्राइव्हवर १० जीबी मोकळे असूनही ५ जीबीचा व्हिडिओ 'फार मोठा आहे' म्हणून जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागेल, पण फॉरमॅट केले की त्यावरचे आधीचे सगळे जाते, म्हणून आधी ते दुसरीकडे काढून ठेवावे.

आता डेस्कटॉप रिकामा झाल्याचे प्रकरण. इथे वनड्राइव्हकडे यावे लागते. नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो आणि त्या ओघात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. मोफत जागा मिळते ५ जीबी. घरातले फोटो तेवढ्यात कुठले मावायला? जागा भरली की इशारे येऊ लागतात, पोराला ते नकोसे होतात आणि तो सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद करतो किंवा संगणक खात्यापासून तोडतो. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप कोरा आणि घरात मातम.

फायली बहुतेक वेळा शाबूत असतात. डेस्कटॉपवर 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचे एक चिन्ह उरलेले असते, ते उघडून पाहावे. नसेल तर सी ड्राइव्ह, मग 'यूजर्स', मग आपले नाव, मग 'वनड्राइव्ह' आणि त्याच्या आत 'डेस्कटॉप'. कागद तिथे बसलेले सापडतात. तेही नसतील तर ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या साइटवर त्याच खात्याने जावे आणि तिथले 'रीसायकल बिन'ही पाहावे. घरगुती खात्यात पुसलेली फाइल तिथे ३० दिवस असते. तोवर कोणीही काहीही पुसू नये, आणि 'साफसफाई' करून देणारे फुकट प्रोग्राम तर मुळीच टाकू नयेत.

वनड्राइव्हमधल्या फाइलीसमोर छोटी चिन्हे असतात, ती वाचता आली पाहिजेत. निळा ढग म्हणजे फक्त खिडकी, नेट नसेल तर फाइल उघडणार नाही. पोकळ वर्तुळातली हिरवी टिक म्हणजे एकदा उघडल्याने उतरली आहे, पण जागा कमी पडली तर पुन्हा वर जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी टिक म्हणजे तुम्ही 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडले आहे आणि ती इथे राहील. निळ्या ढगाचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेताना कधी 'क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग' असा संदेश येतो. अर्थ इतकाच की वनड्राइव्ह हा प्रोग्राम बंद आहे. तो सुरू करावा, आधी फोल्डरवर उजवे क्लिक करून 'ऑलवेज कीप' निवडावे, सगळीकडे भरीव हिरवे दिसेपर्यंत थांबावे आणि मग पेनड्राइव्हवर न्यावे. गूगलचा संगणकावर टाकायचा ड्राइव्ह प्रोग्रामही असाच. त्यात 'स्ट्रीम' निवडले तर खिडकी, 'मिरर' निवडले तर फायली संगणकावरही येतात.

पण 'मिरर' म्हणजे आरसाच. आरशासमोरची वस्तू हलवली की आरशातली हलते. लॅपटॉपची जागा भरली म्हणून मुलीने जोडलेल्या फोल्डरातले फोटो पुसले, तर ते ड्राइव्हवरूनही गेले आणि तेच खाते जोडलेल्या अम्मीच्या संगणकावरूनही गेले. मुलगी म्हणते, मी फक्त माझ्या लॅपटॉपवरचे काढले. तिचे चुकले असे आम्हांला वाटत नाही, तिला कोणी सांगितलेच नव्हते. वनड्राइव्हमध्ये जागा मोकळी करायची तर 'डिलीट' नव्हे, 'फ्री अप स्पेस' दाबायचे असते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतही फाइल ३० दिवस राहते, म्हणून असे घडले की त्याच दिवशी 'ट्रॅश' उघडावे.

कचरापेटीतही नसेल तर शोधपट्टीत फाइलचे नाव टाकून पाहावे. अनेकांच्या हातातले सामाईक फोल्डर असेल तर एखाद्या चुलतभावाने दुसऱ्याची फाइल त्यातून काढली तरी ती मालकाच्या ड्राइव्हमध्ये असतेच, फक्त त्या फोल्डरात दिसत नाही. मालकाने शोधली की सापडते. घरात भांडण करण्याआधी एवढे करावे.

मालक हा शब्द वर दोन-तीनदा आला. सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. कोणीतरी एक जण, बहुधा आखातात असलेला थोरला भाऊ किंवा शिकलेली भाची, सगळे कागद स्कॅन करून स्वतःच्या खात्यात ठेवते आणि बाकीच्यांना लिंक देते. बाकीच्यांच्या 'शेअर्ड विथ मी'मध्ये ते दिसतात. 'अ‍ॅड शॉर्टकट' केले तरी तो पत्ताच असतो, प्रत नव्हे. मालकाने मूळ फाइल कायमची पुसली की शॉर्टकट पोकळ होतो. एका वाचकाने लिहिले की त्याच्या मेहुण्याने सगळे कागद नोकरीच्या कंपनीने दिलेल्या खात्यात ठेवले होते. नोकरी सुटली, कंपनीने खाते बंद केले आणि घरातल्या अकरा जणांच्या लिंका एकाच दिवशी मेल्या. कंपनीने वावगे काही केले नाही, खाते तिचेच होते. कॉलेजने मुलांना दिलेल्या खात्यांचेही हेच, शिक्षण संपले की ती कधी बंद होतील हे कॉलेज ठरवते. अशा खात्यातली फाइल घरच्या जीमेल खात्याच्या मालकीची करून देता येत नाही. ती उतरवून, पुन्हा आपल्या खात्यात चढवावी लागते, आणि ते नोकरी सुटायच्या आधी.

साध्या जीमेल खात्यांत मालकी बदलता येते, पण समोरच्याने ती स्वीकारावी लागते. फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फायलींची मालकी आपोआप जात नाही, हेही लक्षात असावे. मालकी घेणाऱ्याच्या जागेत त्या फायली मोजल्या जातात. गूगलची मोफत १५ जीबी ही ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून आहे आणि ती भरली की ईमेल यायचेही थांबते. म्हणून निकाहचा व्हिडिओ तिथे ठेवण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावा. सात-बारा गेला तर सरकारी महाभूलेखवरून पुन्हा काढता येतो, डिजीलॉकरमध्ये आधार आणि अनेक दाखले मिळतात. ४० वर्षांपूर्वीचा हातानेच लिहिलेला निकाहनामा किंवा दादाजानची पत्रे कुठल्याच साइटवर मिळणार नाहीत. जागा त्यांना द्या.

एक इशारा. फोल्डर सापडत नाही म्हणून गूगलमध्येच 'गूगल कस्टमर केअर नंबर' असे शोधू नये. मोफत खात्यासाठी फोनवर बोलणारे असे कोणी गूगलने बसवलेले नाही. जो नंबर सापडतो तो बहुधा भामट्याचा असतो. तो संगणकात एक प्रोग्राम टाकायला सांगतो, पडदा ताब्यात घेतो आणि फायलींऐवजी बँकेचे खाते शोधतो. असे झालेच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. बाहेरच्या सेवा केंद्रात कागद उतरवून घेतले असतील तर छापून झाल्यावर तिथल्या 'डाउनलोड्स'मधून पुसावेत, कचरापेटीही रिकामी करावी आणि खात्यातून बाहेर पडावे.

शेवटी एका भगिनीचे पत्र. तिच्या पतीचा काही महिन्यांपूर्वी इंतकाल झाला. घराचे, विम्याचे, मुलांचे सगळे कागद त्यांच्या ड्राइव्हमध्ये आहेत. घरातल्या संगणकावर त्यांचे खाते अजून उघडे आहे. ती लिहिते, 'हात लावायची भीती वाटते, काही बिघडले तर विचारायलाही कोणी नाही.'

ताई, भीती रास्त आहे, पण थांबू नका. त्या संगणकावर खात्यातून बाहेर पडू नका, पासवर्ड बदलू नका, संगणक फॉरमॅट होऊ देऊ नका. त्यांच्या मोबाइलचा नंबर रिचार्ज करून चालू ठेवा. खात्यात पुन्हा शिरायची वेळ आली तर ओटीपी तिथेच येईल, आणि रिचार्ज नसलेला नंबर कंपनी काही काळाने बंद करून पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. खाते कधी बंद पडलेच तर मृत व्यक्तीच्या खात्याबाबत अर्ज करण्याची सोय गूगलने ठेवली आहे. त्यात मृत्यूचा दाखला लागतो, वेळ जातो, आणि पासवर्ड मात्र ते कोणालाच देत नाहीत. २०२३ साली गूगलने असाही नियम केला आहे की दोन वर्षे कोणीही न उघडलेले घरगुती खाते त्यातल्या ईमेल आणि फोटोंसह पुसले जाऊ शकते. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण अमर्याद नाही.

तुमच्या स्वतःच्या खात्यात मात्र आजच 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधून भरा. खाते किती महिने वापरात नसले की कळवायचे, ३ ते १८ महिन्यांपर्यंत, हे तिथे ठरवता येते आणि १० जणांपर्यंत नावे देता येतात. मोठ्या मुलाचे आणि भावाचे नाव द्या.

आणि त्यांच्या ड्राइव्हपैकी पहिल्या दिवशी फक्त कागदांचे फोल्डर घ्या, एकेक पोटफोल्डर करून, वर सांगितल्याप्रमाणे मोजून. ते दोन पेनड्राइव्हवर उतरवा. एक घरी, एक माहेरी भावाकडे. दोन्ही पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून, नेट बंद ठेवून, खरेदीखत उघडते का पाहा. उघडले तर ते तुमच्याकडे आहे. फोटोंची घाई नको. ते पुढच्या रविवारी मुलांना सोबत घेऊन करा.